धागे खरे आहेत का?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र फिरत होतं. डावीकडे मेंदूतल्या पेशींचं जाळं, उजवीकडे विश्वातल्या दीर्घिकांचं जाळं, खाली ‘जे पिंडी ते ब्रह्मांडी’ आणि हात जोडल्याची चार चिन्हं. तुमच्यापैकी बहुतेकांकडे आलंच असेल. सगळ्यांनी अंगठे दाखवले. अकरावीतल्या भाच्याने मात्र मला वेगळा मेसेज करून विचारलं, “मावशी, हे उजवीकडचं जाळं खरंच आहे का? की आपल्याला दिसतं म्हणून आहे?”

प्रश्न लाख मोलाचा. दोन ओळींत उत्तर द्यायला बसले, ते काही जमेना. पोटापाण्यासाठी मी संख्याशास्त्राचं काम करते, खगोलशास्त्र हा फक्त नाद. पण या प्रश्नात दोन्ही एकत्र येतात, आणि त्याचा इतिहास इतका रंगतदार आहे की एक अख्खी पोस्टच लिहावी म्हटलं.

आधी एक खुलासा. तसल्या चित्रांतली उजवी बाजू बहुतेक वेळा फोटो नसतो, काँप्युटरवर केलेलं सिम्युलेशन असतं. (मेंदू आणि विश्व यांची आकडेमोडीने तुलना करणारा एक गंभीर शोधनिबंध खरंच आहे बरं का. फ्रांको वाझ्झा हे खगोलशास्त्रज्ञ आणि अल्बेर्तो फेलेत्ती हे मेंदूचे सर्जन, दोघांनी तो २०२० मध्ये लिहिला. पण हे फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कुणी तो वाचलाय, असं मला वाटत नाही.) दुर्बिणीतून आपल्याला मिळतात ते नुसते ठिपके. एक दीर्घिका, एक ठिपका. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो तेव्हा रेघा कशा जाणार हे आधीच ठरलेलं असतं, ठिपके त्या बेताने मांडलेले असतात. इथे कुणी काहीच ठरवून दिलेलं नाही. रेघा आपणच ओढायच्या. आणि या बाबतीत माणसाच्या डोळ्याची ख्याती काही फार चांगली नाही.

मंगळाचे कालवे आठवतात ना? १८७७ मध्ये स्क्यापारेल्लीने मंगळावर रेघा पाहिल्या, पुढे लॉवेलने त्यावर कालवे खणणारी अख्खी संस्कृती उभी केली. ग्रिनिचच्या माँडर यांनी १९०३ मध्ये एक मजेदार प्रयोग केला. शाळेतल्या मुलांना लांबून एक चित्र दाखवलं आणि दिसेल तसं काढायला सांगितलं. मूळ चित्रात नुसते डाग आणि ठिपके होते, पण बऱ्याच मुलांनी सरळ रेघा काढल्या! १९६५ मध्ये मरिनर ४ यान मंगळाजवळून गेलं तेव्हा कालव्यांचा विषय कायमचा मिटला.

तर दीर्घिकांचे धागेही त्याच जातीचे नाहीत कशावरून?

सुरुवात करू लिक वेधशाळेपासून. कॅलिफोर्नियातल्या या वेधशाळेत डोनाल्ड शेन आणि कार्ल विर्टानन या दोघांनी हजारावर फोटोप्लेट्सवरच्या दीर्घिका मोजायला घेतल्या. हाताने. म्हणजे सूक्ष्मदर्शकातून प्लेट बघायची, तिचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात किती दीर्घिका ते लिहायचं. एकेका प्लेटवर हजारभर चौकोन. या कामात दहाहून जास्त वर्षं गेली, आकडा दहा लाखांच्या घरात पोचला, आणि अंतिम निकाल १९६७ मध्ये छापून आला. मला या दोघांबद्दल अतोनात आदर वाटतो. आपण एक्सेलची शीट पाच मिनिटं तपासून कंटाळतो.

ही मोजणी चालू असतानाच बर्कलीतल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्यात हात घातला. एक येझी नेमन, आमच्या विषयातला फार मोठा माणूस, पोलंडहून अमेरिकेत आलेला. दुसरी एलिझाबेथ स्कॉट. स्कॉटबाईंबद्दल थोडं थांबून सांगते. त्यांचं शिक्षण खगोलशास्त्राचं, डॉक्टरेटही खगोलशास्त्रातच, १९४९ ची. पण त्या काळी बाईला मोठ्या दुर्बिणीवर निरीक्षणाला वेळ मिळत नसे. माउंट विल्सनचे दरवाजे तर साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बायकांना बंद होते. म्हणून बाई संख्याशास्त्राकडे वळल्या. पुढे विद्यापीठांतल्या बायकांना पुरुषांपेक्षा पगार किती कमी मिळतो, याचाही त्यांनी संख्याशास्त्रीय पद्धतीने पाठपुरावा केला. आकडे हेच शस्त्र.

तर १९५२ मध्ये नेमन आणि स्कॉट यांनी एक मॉडेल मांडलं, अगदी साधं. आकाशात आधी काही केंद्रं कशीही, निव्वळ नशिबाने पडू द्या, जसे अंगणात पावसाचे पहिले थेंब पडतात. मग प्रत्येक केंद्राभोवती काही दीर्घिका टाका. किती टाकायच्या आणि केंद्रापासून किती लांब, तेही नशिबावर. झालं विश्व तयार. (याच कल्पनेवर आज पावसाच्या सरींची मॉडेलं करतात, आणि जंगलात झाडं कशी विखुरतात याचीही. आमच्या विषयात ती ‘नेमन-स्कॉट प्रक्रिया’ म्हणूनच शिकवतात. तिचा जन्म दीर्घिकांपोटी झालाय हे वर्गात कुणी सांगत नाही, ही माझी जुनी तक्रार.)

नंतर त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. १९५४ मध्ये स्कॉट, शेन आणि आणखी एका सहकाऱ्याने या मॉडेलवरून एक खोटी प्लेट बनवली आणि खऱ्या प्लेटशेजारी ठेवून पाहिली. जुळली नाही! खरं आकाश खोट्यापेक्षा कितीतरी जास्त गुठळ्या-गुठळ्यांचं निघालं. आणि नेमन यांनी हे सरळ छापून सांगितलं की आमची साधी कल्पना आकाशाला पुरत नाही. ‘खोटं विश्व बनवा, खऱ्याशेजारी ठेवा, फरक मोजा’ ही पद्धत आज सगळे वापरतात.

पुढचा टप्पा जोड्या मोजण्याचा. १९६९ मध्ये जपानच्या तोत्सुजी आणि किहारा यांनी, आणि त्याच सुमारास सुरू करून पुढे अनेक वर्षं प्रिन्स्टनच्या जिम पीबल्स यांनी (तेच ते, २०१९ चे नोबेलवाले), लिकच्या आकड्यांना एक प्रश्न विचारला. एका दीर्घिकेवर उभं राहिलं, तर अमुक अंतरावर शेजारीण सापडण्याची शक्यता, दीर्घिका कशाही विखुरलेल्या असत्या त्यापेक्षा किती जास्त? उत्तर फार देखणं आलं. अंतर वाढेल तशी ही जास्तीची शक्यता एका साध्या घातांकाच्या नियमाने कमी होत जाते.

पण जोड्यांवरून सगळं कळत नाही. समजा मी तुम्हाला एका गावातल्या घरांच्या जोड्यांची फक्त अंतरं दिली. त्यावरून ते कोकणातल्यासारखं रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेलं गाव आहे, की देशावरच्यासारखं गावठाणात दाटीवाटीने बसलेलं, हे दर वेळी ओळखता येईलच असं नाही. वेगवेगळ्या मांडण्यांतून जोड्यांचे आकडे सारखे येऊ शकतात. १९७७ मध्ये पीबल्स यांच्या गटाने लिकच्या दहा लाख दीर्घिकांचा नकाशा छापला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी लेस पसरावी तसा तो दिसतो, आणि बघणाऱ्या प्रत्येकाला त्यात धागे दिसले. पुढच्याच वर्षी सोनेरा आणि पीबल्स यांनी एक खोटा नकाशा बनवला, ज्यात जोड्यांचे आकडे तर जुळत होते पण धागे मुद्दाम घातलेले नव्हते. डोळ्याला फरक जाणवत होता. पण नुसतं ‘जाणवतं’ म्हणून भागतं का? वर आणखी एक शंका निघाली. प्लेटा वेगळ्या, मोजणारे दोघं, रात्री वेगळ्या. काही रेघा आकाशातल्या नसून मोजणीतल्या फरकाच्या तर नव्हेत? यावर १९८४ च्या सुमारास चांगलीच जुंपली होती.

इकडे सोव्हिएत संघात वेगळंच चाललं होतं. मॉस्कोच्या झेल्डोविच यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं की गुरुत्वाकर्षणाने वस्तुमान गोळा होताना ते सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. आधी एका दिशेने चपटं होऊन त्याची पोळी होते (ते पॅनकेक म्हणत, मी पोळी म्हणते), मग पोळ्या जिथे भेटतात तिथे धागे, आणि धागे भेटतात तिथे गाठी. म्हणजे धागे असायला कारण होतं. १९७७ च्या सप्टेंबरात एस्टोनियातल्या तालिन शहरात परिषद भरली, तिथे यान एइनास्तो आणि मिख्केल यिएवेर यांनी निबंध वाचला: ‘विश्वाला पेशींसारखी रचना आहे का?’ प्रश्नचिन्ह त्यांचंच. शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवणारी माणसं मला उगाचच आवडतात.

मग आला १९८६ सालचा तो प्रसिद्ध काप. हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या व्हॅलेरी द लापरां (तेव्हा विद्यार्थिनी), मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाच्या एका अरुंद पट्ट्यातल्या सुमारे ११०० दीर्घिकांची ताम्रसृती, म्हणजे सगळे ज्याला रेडशिफ्ट म्हणतात ती, मोजून प्रत्येकीचं अंतर काढलं. त्यासाठी ॲरिझोनातली जेमतेम दीड मीटरची दुर्बीण वापरली. चित्र काढलं तर मधोमध हातपाय पसरलेला काडीमाणूस! आजूबाजूला प्रचंड पोकळ्या, आणि दीर्घिका त्यांच्या कडेकडेने. गेलर यांचं म्हणणं होतं की हा साबणाच्या फेसासारखा प्रकार आहे. आणि इथे एक खोच आहे. फुगा कापला तर कापात रेघ दिसते, पण फुग्यात रेघ नसते, पापुद्रा असतो. म्हणजे कापात दिसणारा धागा हा धागाच असेल याची खात्री नाही.

आता सुकेतू भावसार. अमेरिकेत केंटकी विद्यापीठात होते. जॉन बॅरो यांच्याबरोबर १९८५ मध्ये त्यांनी एक युक्ती खगोलशास्त्रात आणली. सगळे ठिपके अशा रीतीने जोडायचे की एकूण रेघ कमीत कमी लांबीची होईल आणि कुठेही वेढा पडणार नाही. ही युक्ती मुळात १९२६ मध्ये बोरूव्का या चेक गणितज्ञाने मोराव्हियात विजेच्या तारा कमी खर्चात कशा टाकाव्यात यासाठी काढली होती! (महावितरणमधल्या आमच्या भाऊजींसाठी ही खास माहिती.) म्हणजे आता रेघा डोळा ओढणार नव्हता, नियम ओढणार होता. १९८७ मध्ये दोघांनी एक लेखही लिहिला, विषय असा की खगोलशास्त्रज्ञाचा डोळा खगोलशास्त्रज्ञाच्या मेंदूला काय सांगतो. पुढच्या वर्षी भावसार यांनी एका सहकाऱ्याबरोबर थेट प्रश्न टाकला: धागे खरे आहेत का? या पोस्टचं शीर्षक तिथूनच उचललंय.

त्यांची कसोटी इतकी सोपी आहे की ऐकल्यावर आपल्याला का सुचली नाही असं वाटतं. नकाशाचे सारख्या मापाचे चौकोन कापा. गोधडीचे तुकडे असतात तसे. ते तुकडे पिसा, फिरवा, कसेही परत शिवा. चौकोनापेक्षा लहान जे काही आहे ते बहुतेक शाबूत राहील. चौकोनापेक्षा लांब धागे मात्र तुटतील. आता परत धागे शोधा. पिसलेल्या नकाशातही तितकेच लांब धागे सापडले, तर ते तुकड्यांची टोकं योगायोगाने जुळून झालेले, आणि मग मूळ नकाशातले धागेही योगायोगाचे असू शकतात. सापडले नाहीत, तर मूळचे धागे खरे. काडीमाणसाच्या कापावर ही कसोटी लावली, आणि धागे तिला उतरले.

इथे थोडी घरची गोष्ट सांगते. (धाकटी काकू हे वाचून रागावणार, माहीत आहे. काकू, प्रेमाने वाच.) वाईला आमचं घर होतं, अंगणात विहीर. चौदा महिन्यांच्या आत आजोबा पडून त्यांचं हाड मोडलं, काकांची नोकरी गेली आणि आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं. वास्तू बघणाऱ्या एका गृहस्थांना बोलावलं. त्यांनी तिन्ही ठिपके जोडून रेघ थेट विहिरीपर्यंत नेली. विहीर बुजवली. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, घरही विकलं. विहिरीत ट्रॉलीने मुरूम पडत होता तेव्हा आजोबा आतल्या खोलीत रेडिओ मोठ्याने लावून बसले होते. पुढे त्यांच्या रोजनिशा माझ्याकडे आल्या. चाळीस वर्षांतल्या अशा वाईट घटना मी त्यातून वेचल्या, सव्वीस निघाल्या. मग काँप्युटरवर सव्वीस ठिपके चाळीस वर्षांवर कसेही फेकले, शंभर वेळा. (हे पिसणं नव्हे, त्याहून साधं.) चौदा महिन्यांत तीन ठिपके एकत्र आलेले, असं कुठे ना कुठे सापडलंच, शंभरात चार वेळा सोडून. विहिरीची गरजच नव्हती. नशीब आपलं आपणच गुठळ्या करतं, कारण सारख्या अंतरावर पडायचं तर त्याला कुणीतरी मोजपट्टी द्यावी लागते.

असो. आकाशाकडे परत येऊ, कारण तिथली गोष्ट आमच्या विहिरीसारखी संपत नाही. आणि त्या गोष्टीचा एक पत्ता आपल्या पुण्यातला, गणेशखिंडीतला आहे! आयुकातल्या वरुण साहनी यांनी सत्यप्रकाश आणि शांदारिन यांच्याबरोबर १९९८ मध्ये ‘आकार मोजणारी’ मापं काढली. एखादा पुंजका किती लांबट, किती चपटा, हे एका आकड्यात सांगणारी. मग २००४ मध्ये खरगपूर आयआयटीचे सोमनाथ भारद्वाज, स्वतः भावसार आणि आयुकातले जतुश शेठ, या तिघांनी चिलीतल्या लास कँपानास सर्वेक्षणावर पिसण्याची कसोटी लावली. या सर्वेक्षणात सहा काप होते आणि सुमारे २६,००० दीर्घिका. एका कापात धागे साधारण ३३ ते ३७ कोटी प्रकाशवर्षांपर्यंत खरे निघाले. बाकीच्या पाचांत ही मर्यादा २३ ते ३३ कोटींच्या दरम्यान आली. त्यापुढे जे अखंड जाळं दिसतं ते? तेवढ्या लांबीवर धागे एकमेकांना जोडले जातात ते योगायोगाने.

म्हणजे भाचेबुवा, धागे खरे, पण विश्वाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विणलेलं एकसंध जाळं म्हणून जे भासतं, त्यात काही भाग आपल्या डोळ्याचा. हे उत्तर मला फार समाधानाचं वाटतं. ‘सगळं खरं’ आणि ‘सगळा भास’ ही दोन्ही उत्तरं आळशी आहेत. कितीपर्यंत खरं, ते मोजता येतं.

यानंतरची मंडळी आणखी पुढे गेली. उपग्रहाच्या फोटोत रस्ते आपोआप ओळखण्यासाठी राडू स्तोइका यांनी सहकाऱ्यांबरोबर एक मॉडेल केलं होतं. छोटे छोटे तुकडे टाकायचे, टोकाला टोक जुळलं तर बक्षीस, एकटा पडला तर दंड, एकावर एक चढला तर मनाई. २००५ पासून व्हॅलेन्सियाचे मार्टिनेझ आणि एस्टोनियाचे एन सार यांच्याबरोबर त्यांनी ते दीर्घिकांना लावलं. रस्त्याच्या तुकड्यांऐवजी अवकाशात नळकांडी. नळकांड्याच्या आत बाहेरपेक्षा जास्त दाटी असेल तर ते टिकतं, नाहीतर उडतं. काँप्युटर हा खेळ लाखो वेळा खेळतो, आणि शेवटी हाती येतो तो शक्यतेचा नकाशा: या जागी धागा असण्याची शक्यता इतकी, त्या जागी इतकी. मॉडेलचं नाव ‘बिझू’, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पाप्या. (संख्याशास्त्रज्ञ अगदीच रुक्ष नसतात.)

२०१० मध्ये याच तिघांनी खऱ्या सर्वेक्षणातले धागे काँप्युटरमधल्या नकली विश्वांतल्या धाग्यांशी ताडून पाहिले. थोडी नकली विश्वं खऱ्यासारखी निघाली. बहुतेकांत मात्र धागे खूपच आखूड होते आणि त्यांचं लांब जाळं बनत नव्हतं. नेमन-स्कॉट यांच्या प्लेटनंतर छप्पन्न वर्षांनी पुन्हा तोच अनुभव! त्यानंतर २०१४ मध्ये एल्मो टेंपेल आणि मंडळींनी स्लोन सर्वेक्षणातल्या हजारो धाग्यांची यादीच प्रसिद्ध केली, आणि २०२१ मध्ये त्या यादीवरून असं दिसलं की हे कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबीचे धागे स्वतःभोवती फिरतायत. मधे २०१२ साली एबेल २२२ आणि २२३ या दोन दीर्घिकासमूहांमधल्या धाग्याने मागच्या प्रकाशाला दिलेला बाक मोजून त्यातलं न दिसणारं वस्तुमानही पकडलं होतं. ज्याला वजन आहे, त्याला डोळ्याचा भास कसं म्हणणार?

आता २०२१ पासून ॲरिझोनातच ‘डेसी’चं काम चालू आहे. पाच हजार यांत्रिक बोटं एकेका प्रकाशतंतूला एकेका दीर्घिकेवर नेमकं धरतात आणि एका दमात पाच हजार ताम्रसृती मिळतात. शेन आणि विर्टानन यांना एवढ्या दीर्घिका नुसत्या मोजायला किती दिवस लागले असते, याचा हिशोब मी भाच्याला गृहपाठ म्हणून दिलाय.